शब्दचर्चा : नमतं घेणं की दबून राहणं?

वडोदऱ्याच्या दांडिया बाजारातून : भाचीला मानसशास्त्राची एक प्रश्नावली मराठीत करायची आहे. चूक नसताना माफी मागणे, पटत नसलं तरी हो म्हणणे, नजर चुकवणे अशा वागण्याला एकच शब्द हवाय. 'नम्रता' चालेल?

रावपुऱ्यातून : छे! नम्र माणसाची मान ताठ असू शकते. 'नमतं घेणं' बघा. आपले गुजराती शेजारी 'नमतुं जोखवुं' म्हणतात. खंडेराव मार्केटात भाजीवाली पारडं गिऱ्हाइकाच्या बाजूला झुकवते, वर दोन मिरच्या टाकते, तसं.

वाडीतून : पण तिथे तराजू भाजीवालीच्याच हातात असतो ना! 'घेणं' म्हटलं की मर्जी आली. "सासऱ्यांपुढे नमतं घेतलं" म्हणजे त्या दिवसापुरता विषय मिटला. "सासऱ्यांपुढे दबून राहिली" यात वर्षं आली.

मानसशास्त्रातही हाच भेद आहे. मानसोपचारतज्ज्ञ जॉन प्राइस यांनी १९६७ साली औदासीन्याची (म्हणजे डिप्रेशनची) सांगड कळपातल्या हरलेल्या प्राण्याच्या माघारीशी घातली. मानसशास्त्रज्ञ पॉल गिल्बर्ट यांनी तो धागा पुढे नेला. त्यांच्या मते मनाविरुद्ध पत्करलेली दुय्यम जागा आणि पळून जावंसं वाटूनही वाट नसणं, हे जास्त जाचतं. आपण याला कोंडमारा म्हणतो. तोंड दाबून बुक्क्यांचा मार! ॲलन आणि गिल्बर्ट यांच्या १६ विधानांच्या प्रश्नावलीत असं दबून वागणं आणि औदासीन्य यांचा संबंध दिसला. अर्थात उदास माणूसही दबूनच वागतो, त्यामुळे आधी काय झालं ते नुसत्या आकड्यांवरून सांगता येत नाही.

रावपुऱ्यातून : पटलं. मग 'मुकाट सोसणे' कसं वाटतं? 'सोशिक'ही आहे, पण ते आपल्याकडे सुनेचं कौतुक म्हणून वापरतात, म्हणून नको.

वाडीतून : 'सोसणे'ही नको. त्यात त्रास आधीच बसलाय. 'कुढणे', 'घुसमटणे' यांचंही तेच. वागणं विचारताना दुःखाचा शब्द घातला, तर उत्तरात दुःख येणारच आणि भाची म्हणेल, बघा, संबंध सापडला! 'मूग गिळणे' तर कधी कधी चक्क हुशारी असते.

शीर्षकाला 'दबून वागणे' ठेवा. विधानं मात्र साधी लिहा : "माझी चूक नसली तरी मी माफी मागते/मागतो." पुढे 'कधीच नाही' ते 'नेहमी' असे पर्याय. आणि 'मागतो' गाळू नका, बाप्येही दबतात.