सेलूच्या विटांच्या वाड्यावर पुन्हा सिमेंट मारावे का?

प्रश्न
सेलू (जि. परभणी) येथील आमच्या वाड्याच्या चौकटीवर ‘१३३१’ असा आकडा कोरलेला आहे. ढेलजेतून आत गेल्यावर बैठकीचे छत लोखंडी गर्डर आणि त्यांच्यामध्ये विटांच्या उथळ कमानी असे आहे. मागच्या खोल्यांवर मात्र सागवानी तुळयांवरचे माळवद (मातीचे सपाट छत) आहे. दहा वर्षांपूर्वी दर्शनी भिंतीला कमरेपर्यंत सिमेंटचा गिलावा केला. आता त्याच्या लगेच वरच्या विटांचे पापुद्रे सुटून रोज सकाळी ओट्यावर तांबडी भुकटी पडलेली असते. गवंडी म्हणतो, गिलावा आणखी वर न्यावा. घराचे वय काय असेल आणि गवंड्याचे ऐकावे का?

उत्तर
हा आकडा फसली सनाचा असणार. निजामाच्या राज्यात तोच चाले. त्यात ५९० मिळवले की १९२१-२२ हे वर्ष येते, आणि छतही त्याला साक्ष देते. मनमाड-सिकंदराबाद रेल्वे १९००च्या सुमारास सुरू झाल्यावर असे जड लोखंड या भागात आणणे सोपे झाले. म्हणून बैठकीला नवी रीत आणि आतल्या खोल्यांना जुनी, असे दोन्ही एकाच वेळी बांधलेले असू शकते. गर्डरच्या उभ्या अंगावर कारखान्याचे नाव उठवलेले आहे का, ते जरूर पाहावे. या छतातील प्रत्येक कमान शेजारच्या कमानीला रेटा देऊन उभी असते. कडेच्या कमानीला शेजार नसल्यामुळे तिचा रेटा भिंत किंवा आडव्या लोखंडी सळ्या पेलतात. तेव्हा तिथे काहीही कापू नये.

उत्तर
गिलाव्याबाबत गवंड्याचे मुळीच ऐकू नका. पायातून चढणारी ओल चुन्याच्या दर्जांमधून (विटांमधल्या सांध्यांतून) सहज बाहेर पडते, पण सिमेंटखाली कोंडली गेली की वर सरकते आणि पहिल्या उघड्या विटेतून वाट काढते. तिथे पाणी उडून जाते, क्षार मागे राहून विटेच्या कातडीखाली खडे धरतात आणि पापुद्रा फुटतो. गिलावा वर नेला तर हीच रेघ छातीपर्यंत येईल, एवढेच. छिन्नीने हलक्या हाताने सिमेंट काढा (मशीन लावले तर विटाच सोलून निघतील), एक पूर्ण उन्हाळा भिंत वाळू द्या आणि मग दर्जा चुन्यानेच भरा.

उत्तर
माळवदाकडेही लक्ष असू द्यावे. गळतीवर उपाय म्हणून दरवर्षी पांढरी माती टाकण्याची आपल्याकडची रीत तुळयांवर नुसता भार वाढवत जाते. ३० सप्टेंबर १९९३च्या किल्लारी भूकंपात दगड-मातीच्या भिंती आणि वरचे हेच ओझे किती जिवांवर बेतले, ते आपण पाहिले आहे. जादा थर उतरवून उतार नीट करून घ्यावा. भिंतीत गेलेली तुळईची टोके टोचून पाहावीत, कारण सागही आधी तिथेच कुजतो.

प्रश्नकर्ता
आपणा सर्वांचा आभारी आहे. गवंड्याला तूर्त थांबवले आहे. शिडी लावून पाहिले, तर गर्डरवर गंजाखाली चार-पाच इंग्रजी अक्षरे लागली. कडेच्या गाळ्यात दोन सळ्याही आहेत. त्या पाळणा टांगण्यासाठीच बसवल्या आहेत, असे आमच्या घरात तीन पिढ्या समजत होत्या.