मदत हवी आहे : प्रायमरीत मन म्हणेल त्याला मत द्यावं की जिंकेल त्याला?

नमस्कार मंडळी. आम्ही न्यू जर्सीत, एडिसनला राहतो. नागरिकत्व मिळाल्यावर माझी ही पहिलीच प्रायमरी, म्हणजे पक्षाचा उमेदवार ठरवणारी निवडणूक. टपालाने आलेली मतपत्रिका चार दिवस डायनिंग टेबलवर पडून आहे, काळं पेन शेजारीच.

मला मनापासून पटलेली उमेदवार मागे आहे. नवरा म्हणतो, "मत वाया घालवू नकोस, दुसऱ्या क्रमांकाच्याला दे, म्हणजे नको तो तरी येणार नाही." त्याचंही खोटं नाही. इथे दुसरी फेरी नसते. २०२५च्या गव्हर्नरपदाच्या डेमोक्रॅटिक प्रायमरीत सहा उमेदवार होते आणि साधारण ३४ टक्के मतांवर निकाल लागला. पलीकडे न्यूयॉर्क शहरात पाच जणांना पसंतीक्रम देता येतो, तिथे हा पेचच कमी. आमच्या न्यू जर्सीत एकाच उमेदवारापुढचा गोल भरायचा.

पण प्रायमरीतही मनासारखं मत द्यायचं नाही, तर मग कधी द्यायचं?

शिवाय पत्रिका लवकर पाठवावी का? २०२० मध्ये सुपर ट्यूसडेच्या (एकाच मंगळवारी अनेक राज्यांत प्रायमरी होते, तो दिवस) आदल्या दोन दिवसांत राष्ट्राध्यक्षपदाचे डेमोक्रॅटिक इच्छुक बुटिजेज आणि क्लोबुचर यांनी माघार घेतली, त्यांना आधीच दिलेली मतं गेलीच.

जुन्या मतदारांनो, तुम्ही अशा वेळी काय केलंत? नंतर रुखरुख लागली का? कृपया अनुभव सांगा.