ओल्या घाटात रिजन अचानक सुटतं, ईएससीचा दिवा लुकलुकतो. जाणकारांनी मदत करा

नमस्कार मंडळी,

माझ्याकडे तीन वर्षांची इलेक्ट्रिक एसयूव्ही आहे, मोटर पुढच्या चाकांना. परवा धो धो पावसात ताम्हिणी उतरत होतो. रिजन (मोटरच चाकांना मागे ओढून ब्रेकचं काम करते आणि त्यातून बॅटरीत वीज भरते) सगळ्यात वरच्या लेव्हलला होतं, म्हणजे ॲक्सिलरेटर सोडला की गाडी आपली आपण धरते, ब्रेकला पाय क्वचितच लावावा लागतो. विळ्याच्या अलीकडे एका डाव्या वळणावर डोंगराचं पाणी रस्त्यावरून आडवं वाहत होतं. तिथे पाय उचलला, तर गाडीने नेहमीसारखं धरलंच नाही. क्षणभर मोकळी सुटल्यासारखी पुढे सरकली, मीटरवर घसरत्या गाडीचं पिवळं चित्र लुकलुकलं, पायाखाली घर्रर्र आवाज झाला आणि गाडी परत लायनीत आली. वेग चाळिशीच्या आतच होता. मागे बसलेल्या आईला काही कळलंही नाही, माझी मात्र पाचावर धारण बसली.

सर्व्हिस सेंटरला स्कॅन करून घेतलं. एकही एरर कोड नाही. ‘नॉर्मल आहे, सर’ एवढंच उत्तर मिळालं.

मला समजतं ते असं: ईएससी, म्हणजे गाडी घसरू लागली की सावरणारी यंत्रणा, चारही चाकांचा वेग, स्टिअरिंग किती वळवलंय आणि गाडी प्रत्यक्षात किती वळतेय हे सतत ताडून बघते. फरक पडला की एखाद्या चाकाला ब्रेक लावते आणि इंजिनची ताकद कमी करते. पण मी तर ना ब्रेक दाबला होता, ना ॲक्सिलरेटर. मग तिने कमी काय केलं? रिजन तिनेच काढून घेतलं का? आणि ऐन उतारावर धरलेली गाडी सोडून देणं सुरक्षित कसं? गणपतीला याच रस्त्याने म्हसळ्याला जायचंय, तेव्हा पावसात रिजन किती ठेवावं तेही सांगा.

कॅलिपर:

मी ब्रेक कॅलिब्रेशनच्याच कामात आहे, म्हणून जरा सविस्तर लिहितो. हो, रिजन ईएससीनेच काढलं, आणि तेच बरोबर होतं.

टायरची पकड म्हणजे ठरलेला पगार समजा. ब्रेकिंगवर जास्त खर्च झाली की वळायला कमी उरते. ब्रेक पेडल दाबल्यावर चारही चाकं थोडंथोडं काम वाटून घेतात. तुमच्या गाडीत रिजन फक्त पुढच्या दोन चाकांवर येतं, आणि वळवायचं कामही त्याच चाकांचं. कोरड्या रस्त्यावर हे निभतं. वाहत्या पाण्यावर मात्र मोटरने मागे ओढलेली पुढची चाकं गाडीच्या वेगापेक्षा हळू फिरू लागतात, म्हणजे घसरतात, आणि घसरणारं चाक स्टिअरिंगचं ऐकत नाही. चाकांच्या सेन्सरना हे तत्काळ कळतं. ईएससी मोटरच्या कंट्रोलरला सांगते, ओढणं कमी कर. चाक परत रस्त्याच्या वेगाने फिरू लागतं आणि गाडी वळते. तुम्हाला ‘सुटली’ असं वाटलं, त्याच क्षणी तिला वळण सापडलं.

पेट्रोल-डिझेल गाड्यांतही हे आहे. निसरड्या रस्त्यावर खालच्या गिअरमध्ये पाय उचलला की इंजिन चाकांना मागे ओढतं, तेव्हा ईएससी इंजिनाला किंचित रेस देते. पण इंजिनाला प्रतिसाद द्यायला वेळ लागतो. मोटरचा टॉर्क, म्हणजे चाक फिरवायचा जोर, काही मिलिसेकंदांत बदलतो. या बाबतीत इलेक्ट्रिक गाडी नक्कीच उजवी.

घर्रर्र आवाज हायड्रॉलिक पंपाचा आणि व्हॉल्व्हचा. नाक बाहेर जात असेल तर वळणाच्या आतल्या बाजूचं मागचं चाक धरलं जातं, तुमच्या बाबतीत बहुधा डावं मागचं. शेपूट बाहेर निघाली तर उलट, बाहेरच्या बाजूचं पुढचं चाक. हे मूळ तत्त्व १९९५ साली बॉशची यंत्रणा मर्सिडीजच्या एस-क्लासमध्ये आली तेव्हापासून तेच आहे.

पावसाळी घाटात रिजन एक-दोन लेव्हल खाली ठेवा आणि वेग वळणाच्या आधी, गाडी सरळ असतानाच, ब्रेकने कमी करा. ईएससीने रिजन काढलं की त्याजागी चारही ब्रेक आपोआप लागतीलच असं प्रत्येक गाडीत नसतं. म्हणून पाय ब्रेकच्या जवळ हवा.

घाटमाथा:

वरच्या प्रतिसादाशी सहमत. मागून ढकलणाऱ्या गाड्या असलेल्यांनी, उदाहरणार्थ महिंद्राची बीई ६, हे उलटं धरून वाचावं. उतारावर वजन पुढे सरकतं, मागची चाकं हलकी होतात, आणि जास्त रिजन नेमकं त्याच चाकांवर येतं. तिथे शेपूट सुटायची भीती.

दुसरं म्हणजे बॅटरी. लोणावळ्यात रात्रभर लावून १०० टक्के केली आणि सकाळी लगेच खंडाळा उतरायला घेतला, तर रिजन फारसं मिळणारच नाही, कारण वीज ठेवायला जागा नसते. त्याचा ईएससीशी संबंध नाही, पण पायाला तसंच ‘सुटल्यासारखं’ वाटतं.

आणि धागाकर्ते, टायर बघितलेत का? ईएससी असलेली पकड नीट वापरते, नवी पकड आणू शकत नाही. पुढची मोटर, जड गाडी, पहिल्या क्षणापासूनचा टॉर्क, यात पुढचे टायर लवकर झिजतात.

धागाकर्ता:

दोघांचेही मनापासून आभार. इतकं नीट आजवर कोणी सांगितलं नव्हतं. आज गेज लावून टायरच्या खाचांची खोली बघितली. पुढचे टायर २.५ मिमी, मागचे ५. कायद्याची मर्यादा १.६ मिमी आहे, म्हणून निर्धास्त होतो. आता दोनच नवे घेतले तर ते पुढेच टाकायचे ना? आणि ईएससी बंद करायचं बटण कधी वापरायचं?

कॅलिपर:

२.५ मिमी पावसाळ्याला कमीच. खाचा उथळ झाल्या की चाकाखालचं पाणी बाहेर निघत नाही आणि टायर पाण्यावर तरंगतो. नवे टायर मात्र मागे टाका आणि मागचे ५ मिमीवाले पुढे आणा. मोटर पुढे असली तरी हेच. पुढची चाकं घसरली तर गाडी सरळ जाते, पाय उचलून सावरता येते. मागची घसरली तर गाडी गरकन फिरते, आणि तिथे ईएससीलाही हातपाय मारायला पकड उरत नाही. चौघांचा प्रेशर दाराजवळच्या स्टिकरप्रमाणे, थंड टायरवर भरा आणि अलाइनमेंट करून घ्या.

बटण फक्त चिखलात किंवा वाळूत रुतल्यावर, जिथे चाक फिरू दिल्याशिवाय गाडी हलत नाही. दिवेआगरला वाळूत अडकलात तर बंद करा, बाहेर आलात की लगेच चालू. घाटात त्याला हात लावू नका.