जागलीले गाणे पाहिजेत

मोठेबाबा: ह्या हप्त्यात लाईन रातची हाय. दहाले येते, सकायी सहाले जाते. हरभऱ्यात स्प्रिंकलर लावलं. पाइप बदलाले दोन-तीनदा उठा लागते अन् मधल्या वेयात डुकरं येतात. मचाणावर बसल्या बसल्या डोये मिटतात. कार्डाच्या स्पीकरात जे भजनं होते ते सारे पाठ झाले. कोणापाशी नवं काही असन तं सांगा.

मोठेबाबा: अन् वावरात रेंज नाई. जे टाकाचं ते कार्डातच टाका लागते.

आत्या: दादा, भीमसेन जोशींचे अभंग टाकून घे ना.

मोठेबाबा: ते हायेत बाई. ते ऐकले का मन निवते, अन् मन निवलं का झोप येते. मले जागं राहाचं हाय.

मोठेबाबा: परवा ट्रॅक्टरवर आपला पोट्टा काय लावून रायला होता? एक माणूस भराभर बोलत होता अन् खाली ठेका एकसारखा चालू. ते मले चांगलं वाटलं.

मी: मोठेबाबा, तो नॅस, अमेरिकेतला रॅप म्हणणारा. अल्बमचं नाव इलमॅटिक, १९९४ चा. तुम्हाला आवडलं हे वाचून लय बरं वाटलं.

काकू: त्यात शिव्या असतात रे. मी आमच्या घरी लावू देत नाई.

मी: काकू, शिव्या आहेत, खोटं नाही सांगत. लहान पोरांसमोर मीही लावत नाही. पण त्याच्यात शिव्याच आहेत असं नाही. नॅस तेव्हा वीस वर्षांचा होता. न्यूयॉर्कच्या क्वीन्सब्रिज नावाच्या सरकारी वसाहतीत वाढला. खिडकीतून जे दिसलं ते त्यानं लिहिलं: कोण मेला, कोण जेलात गेला, जिन्यावर कोण बसते. एक गाणं तर अख्खं पत्र आहे. जेलात असलेल्या दोस्ताला तो घरची खबरबात लिहून पाठवतो, तुझं लेकरू कसं आहे, गल्लीत काय चाललं आहे. मला तेवढ्या गाण्यासाठी इंग्रजी नीट शिकावं वाटलं होतं.

मी: सगळा अल्बम चाळीस मिनिटांच्या आतबाहेर आहे, दहाच तुकडे. एक गाणं इकडचं, एक तिकडचं असं करू नका. पहिल्यापासून शेवटपर्यंत लावा, भजनाचा कार्यक्रम ऐकतो तसा. आणि तिसऱ्या गाण्याच्या शेवटी कान द्या. तिथं लग्नातल्या बँडवाल्यापाशी असते तसं पितळी वाद्य वाजते. त्याला कॉर्नेट म्हणतात. ते वाजवणारा नॅसचा बाप आहे, ओलू दारा. तो जॅझ वाजवणारा माणूस. पोराच्या पहिल्या अल्बमात बापानं येऊन वाजवलं.

मोठेबाबा: बापानं वाजवलं काय. टाक मंग.

लहान काका: पण हे गाणं म्हणाचं का भाषण? चाल कुठं हाय त्याले?

मोठेबाबा: अरे गाडगेबाबाचं कीर्तन काय होतं मंग? आपले बाबा सांगत, त्यायनं ऐकलं होतं. बाबा लोकायले प्रश्न विचारत, लोक उत्तर देत, अन् मधी "गोपाला गोपाला" झालं का सारं गाव टाळ्या वाजवे. चालीपेक्षा सवाल मोठा होता.

मी: मोठेबाबा, तुम्ही खंजिरीवाले, म्हणून एक गोष्ट तुम्हाला सांगायचीच होती. या संगीताला हिपहॉप म्हणतात, त्याची सुरुवात ११ ऑगस्ट १९७३ पासून धरतात. न्यूयॉर्कच्या ब्राँक्स भागात, १५२० सेजविक अव्हेन्यू नावाच्या इमारतीतल्या हॉलमध्ये एका मुलीनं शाळा उघडायच्या आधी नाचगाण्याचा कार्यक्रम ठेवला. शाळेसाठी नवे कपडे घ्यायचे होते, त्याचे पैसे तिकिटातून काढायचे होते. रेकॉर्डी लावायला तिचा भाऊ. घर मूळचं जमैकाचं. लोक त्या भावाला कूल हर्क म्हणत. त्याच्या ध्यानात आलं की गाणाऱ्याचा आवाज थांबतो आणि नुसता ठेका उरतो, तेव्हाच पोरं नाचायला उठतात. पण तो तुकडा काही सेकंदांचाच असतो. मग तो एकाच रेकॉर्डच्या दोन प्रती घेऊन बसायचा. एकीवरचा ठेका संपला की दुसरीवर तोच ठेका सुरू, ती संपेस्तोवर पहिली मागे फिरवून ठेवायची. असा तो तुकडा हवा तेवढा लांबवला. त्या लांबवलेल्या ठेक्यावर लोक बोलू लागले, त्याचं रॅप झालं.

मोठेबाबा: हे तं आपल्याकडे होतेच. कडवं संपलं का म्हणणारा दम घेते अन् खंजिरीवाला एकटा वाजवते. लोक तिथंच डोलतात. मंडळात मी पंचवीस वर्षं तेच केलं. म्हणणारे मले हात करत, आणखी वाजव म्हणून.

मी: बरोबर तीच जागा, मोठेबाबा. तिकडे त्या जागेला ब्रेक म्हणतात.

मी: आणि पुढे पोरं मैदानात, चौकात कार्यक्रम करू लागली तेव्हा लाईन कुठून घ्यायची? रस्त्याच्या दिव्याच्या खांबावरून. त्याच्यावर मोठमोठे स्पीकर चालवले.

लहान काका: हे समजलं. हे आपल्यातलेच लोक वाटतात.

ताई, नागपूर: मी आत्ता वाचलं सगळं. अजून एक समानता सांगते. तुकडोजी महाराजांच्या भजनात शेवटी "तुकड्यादास म्हणे" येतं ना, तसं रॅप करणारेही गाण्यात स्वतःचं नाव घेतात. हे मी बोललो, याची जबाबदारी माझी, असं त्यात असतं. मला ते फार आवडतं.

आत्या: अगं पण महाराज देशासाठी म्हणत होते. यांचं काय, गाड्या अन् सोन्याच्या चेनी.

ताई, नागपूर: तसेही आहेत आत्या, ते ऐकूच नको. पण तू लॉरिन हिल ऐक, अमेरिकन गायिका आहे, रॅपही करते. द मिसएज्युकेशन ऑफ लॉरिन हिल, १९९८. तू शाळेत रोज हजेरी घेते ना? हा अल्बम हजेरीनंच सुरू होतो. मास्तर एकेका पोराचं नाव घेतात, पोरं हजर म्हणतात, आणि लॉरिन हिलचं नाव आलं की कोणी ओ देत नाही. मग मधून मधून त्याच वर्गातली पोरं प्रेम म्हणजे काय यावर बोलत राहतात. मास्तर जे प्रश्न विचारतात ते तर अगदी तुझ्यासारखे.

ताई, नागपूर: त्यात एक गाणं तिनं तिच्या पहिल्या पोरासाठी म्हटलं आहे. करिअर ऐन भरात असताना दिवस गेले, लोक म्हणाले आता मूल नको, डोकं वापर. तिनं मूल ठेवलं आणि त्याच्या नावानं गाणं केलं. मी माझ्या बाळंतपणात ते रोज ऐकायची. हिपहॉपच्या अल्बमला ग्रॅमी या अमेरिकेतल्या संगीत पुरस्कारांत वर्षाचा सर्वोत्तम अल्बम हा मान पहिल्यांदा मिळाला तो यालाच, १९९९ मध्ये.

आत्या: हे मले पाठव. शब्द नाई समजले तं तू अर्थ सांगशीन.

ताई, नागपूर: रविवारी फोन करते, एकेक गाणं लावून सांगते.

लहान काका: पण दुसऱ्याची रेकॉर्ड घ्याची अन् त्याच्यावर आपलं बोलाचं, हे चोरीच हाय ना?

ताई, नागपूर: न विचारता घेतलं, नाव दिलं नाही, तर चोरीच काका. लताबाईंचंच उदाहरण आहे. १९८१ च्या ज्योती चित्रपटातलं त्यांचं "थोडा रेशम लगता है", संगीत बप्पी लाहिरींचं. २००२ मध्ये ट्रुथ हर्ट्स नावाच्या अमेरिकन गायिकेच्या अॅडिक्टिव्ह या गाण्यात लताबाईंचा आवाज जसाच्या तसा वापरला. गाणं तिकडे गाजलं. मग प्रकरण कोर्टात गेलं, आणि लाहिरींचं नाव छापल्याशिवाय विकू नका असा आदेश झाला.

आत्या: बरं झालं. ज्याचं त्याले मियालं पाहिजे.

मी: काका, माझं म्हणणं असं की घेणं वाईट नाही, लपवणं वाईट. आपलीही भजनी मंडळं सिनेमाच्या चालीवर नवे शब्द बसवतात. पण ऐकणाऱ्या प्रत्येकाला माहीत असतं की चाल कोणत्या गाण्याची. चांगला रॅपवालाही जुनी रेकॉर्ड अशी वापरतो की ऐकून आपण मूळ गाणं शोधायला जातो. मी कितीतरी जुनी हिंदी गाणी अशीच उलट्या रस्त्यानं ऐकली. मॅडलिब म्हणून अमेरिकेतला ठेके बनवणारा एक आहे, त्यानं २००७ मध्ये बीट कंडक्टा इन इंडिया नावाचा अल्बम केला. अख्खा हिंदी सिनेमाच्या जुन्या रेकॉर्डींचे तुकडे कापून. ऐकता ऐकता मधेच ओळखीचा आवाज येतो आणि दचकून जाग येते. मोठेबाबा, जागलीला हा पाहिजेच.

मोठेबाबा: ज्यात बोलणं नाई असं काही असते का? इंग्रजी मले समजत नाई, ठेका समजते.

मी: आहे ना. जे डिला या अमेरिकेतल्या ठेके बनवणाऱ्याचा डोनट्स हा अल्बम. एकतीस छोटे छोटे तुकडे, बहुतेकांचा दीडेक मिनिटाच्या फार पुढे जीव नाही, कोणी बोलत नाही. जुन्या गाण्यांचे आवाज येतात तेवढेच. डिला आजारी होता, यातलं काही काम त्यानं दवाखान्यात केलं. ७ फेब्रुवारी २००६ ला अल्बम निघाला, त्या दिवशी त्याला बत्तीस वर्षं पूर्ण झाली. तीन दिवसांनी तो गेला. मला हे माहीत नव्हतं तेव्हाही तो अल्बम ऐकून घशाशी येत होतं. शेवटचा तुकडा पहिल्याला जाऊन मिळतो, म्हणून संपला असं वाटतच नाही.

काकू: दवाखान्यात बसून केलं म्हणते. कसं केलं असन रे त्यानं.

छोटी: दादा मराठीत सांग ना काहीतरी. आबाजींनाही ऐकवता येईल.

मी: आपल्या अमरावतीचाच आहे, सौरभ अभ्यंकर. १००आरबीएच या नावानं म्हणतो, शंभर आकड्यात लिहून सौरभ वाचायचं. मुंबईच्या स्वदेशी या गटात आहे. २०२३ मध्ये एमटीव्ही हसल या टीव्हीवरच्या रॅप स्पर्धेच्या तिसऱ्या पर्वात दिसला. त्याच्या तोंडून मराठी ऐकताना मला पहिल्यांदा वाटलं की आपण बोलतो त्या बोलीत हे होऊ शकते. पुण्यात हॉस्टेलला मी आपली बोली लपवून बोलायचो, ते तेव्हा सोडलं. स्वदेशीचंच द वारली रिव्होल्टही घे, त्यात मुंबईच्या आरे जंगलातले प्रकाश भोईर गातात. जमीन आणि जंगल गेलं तर आमचं काय, असा विषय. हे आबाजींना नक्की समजेल.

छोटी: घेतलं. आणि केंड्रिक लमारचा डॅम हा अल्बम? आमच्या वर्गात सगळे तोच ऐकतात.

मी: घे, चांगला आहे. संगीतासाठीचं २०१८ चं पुलित्झर, अमेरिकेतलं मोठं बक्षीस, मिळालं त्याला. शास्त्रीय आणि जॅझ सोडून दुसऱ्या संगीताला ते पहिल्यांदाच. पण मोठेबाबांच्या कार्डात नको, त्याला शब्दच पाहिजेत.

जावई, वर्धा: मोठेबाबा, हिपहॉप नसलं तरी एक माझ्याकडून टाका. मी रॅप ऐकत नाही, पण हा माणूस तुमचा भाऊ शोभेल. आफ्रिकेतल्या माली देशाचा अली फार्का तुरे. गिटार वाजवून गायचा. १९९४ मध्ये राय कूडर या अमेरिकन गिटारवाल्यासोबत टॉकिंग टिंबक्टू हा अल्बम केला, त्याला ग्रॅमी मिळालं, जगभरातून बोलावणी आली. पण तो स्वतःला शेतकरीच म्हणायचा. पुढचा अल्बम करायची वेळ आली तर म्हणाला, शेत सोडून येत नाही. मग रेकॉर्ड करणारेच सामान घेऊन त्याच्या गावी गेले. एका रिकाम्या पडलेल्या इमारतीत जनरेटरवर रेकॉर्डिंग केलं. अल्बमचं नाव त्याच्या गावाचंच, नियाफुंके, १९९९ चा. २००४ मध्ये तो त्या गावाचा नगराध्यक्ष झाला. २००६ मध्ये वारला.

मोठेबाबा: जावईबापू, हा माणूस पाहिजे मले. शेत सोडून नाई गेला म्हणता.

जावई, वर्धा: नाही गेला. नायजर नदीच्या काठचं गाव आहे. त्याच्या गाण्यात ती संथ चाल आहे, पाणी दांडातून जाते तशी.

मोठेबाबा: दांडानं पाणी द्याचं बंद झालं आता, पण ते चाल समजली.

काकू: भाऊजी, गाण्याच्या नादात पाइप बदलाचा राहीन. एकीकडची मुयं कुजतीन.

मी: नाही राहणार काकू. मी हिशोब करून देतो. इलमॅटिक, डोनट्स आणि लॉरिन हिल लागोपाठ लावले की पावणेतीन तासांच्या जवळपास होतात. लॉरिन हिल संपली की पाइप बदलायचा. फाइलींना त्याच क्रमानं आकडे टाकतो. त्यानंतर मॅडलिब आणि नियाफुंके. पहाटे चारच्या थंडीत तोच बरा.

मोठेबाबा: सांजच्याले ये मंग. कार्ड घेऊन जा. येतानी घोंगडी आण तुया घरून, तुयासाठी. एक रात मचाणावर बस माह्यासोबत.

मी: येतो मोठेबाबा.

दुसऱ्या दिवशी

मोठेबाबा: सहाले लाईन गेली. आता घरी आलो. चारही पाइप बदलले, हरभरा सारा भिजला. डुकरं नाल्यापर्यंत आले होते, स्पीकर मोठा केला, परतले. पोट्टा दोन वाजेलोक जागा होता, मंग झोपला, मी उठवलं नाई.

मोठेबाबा: त्या बापाचं वाजवणं मी चार वेया मागं घेऊन ऐकलं. पोरगा बोलून रायला, बोलून रायला, अन् त्याचं झालं का मंग बाप येते. मधी नाई येत. मीही मंडळात असंच करो, म्हणणाऱ्याले पुरं म्हणू द्याचं.

आत्या: दादा, माझी ती हजेरीवाली लावली का?

मोठेबाबा: लावली. त्यात पोरं हासतात ते आयकून आपली जुनी शाया आठवली. तुया शायेत लाव कधी.

मोठेबाबा: शेतकऱ्याचं पहाटे लावलं. ते पुरं नाई झालं, लाईन गेली अन् मी पाइप गोया कराले उतरलो. आज रातच्याले तिथून सुरू करतो. जावईबापू, त्या माणसाचं आणखी काही असन तं पाठवा, कार्डात जागा हाय.

जावई, वर्धा: टॉकिंग टिंबक्टू पाठवतो. संध्याकाळपर्यंत.

मोठेबाबा: अन् पोट्ट्या, तू झोपेत काहीतरी म्हणून रायला होता, ठेक्यात. मराठीच होतं. कागदावर लिहिलेलं असन तं आज घेऊन ये. खंजिरी काढून ठेवली मी, चामडं ढिलं झालं हाय, उन्हात ठेवतो दुपारी.