साडेपाच महिन्यांच्या बाळाला सारखी सर्दी: प्रतिकारशक्ती कमी आहे का?

आम्ही नाशिकच्या सिडकोत राहतो. निफाडचा पारा घसरला की इकडेही गारठा वाढतो, आणि तेव्हापासून मुलीची सर्दी हटायचं नाव घेत नाही. थोरला बालवाडीतून शेंबूड घेऊन येतो, दोन दिवसांत हुंदडायला लागतो. हिची मात्र छाती भरते. मागच्या आठवड्यात तर दूध ओढता ओढता मध्येच सोडून हाफायला लागली. डॉक्टर म्हणाले ब्रॉन्किओलायटिस, म्हणजे फुफ्फुसातल्या बारीक श्वासनळ्यांना सूज, बहुधा आरएसव्ही विषाणूमुळे. अँटिबायोटिक दिलं नाही. नाकात सलाईनचे थेंब आणि थोडं थोडं दूध. आता बरी आहे, वजनही वाढतंय.

पण पहिले तीन महिने काहीच नव्हतं, मग आत्ताच का? शेजारच्या काकू टॉनिक सुचवतात, सासूबाई ओवा-वावडिंगाची धुरी. काय करू?

प्रतिसाद १:
ताई, वजन वाढतंय म्हणजे प्रतिकारशक्तीत खोट असण्याची शक्यता कमी. लहान मुलांना वर्षात सहा-आठ सर्द्या होतातच. गर्भात असताना, विशेषतः शेवटच्या तीन महिन्यांत, आईची प्रतिपिंडं (जंतूंशी लढणारी प्रथिनं) वारेतून बाळाला मिळतात. ती शिदोरी आता संपत आलीय आणि बाळाची स्वतःची चूल नीट पेटायचीय. त्यात श्वासनळ्या इतक्या बारीक, की जरा सूज आली, कफ साचला की धाप लागते. थोरल्याच्या नळ्या रुंद, शिवाय आरएसव्ही त्याला आधी होऊन गेला असणार. हा परत होतो, पण पुढच्या खेपेला बहुधा सौम्य.

टॉनिकवर पैसे घालवू नका. अंगावर पाजत राहा. न्यूमोनियाची पीसीव्ही लस ६ आणि १४ आठवड्यांची झाली असेल तर उरलेला डोस ९ महिन्यांना. फ्लूची ६ महिने पूर्ण झाल्यावर डॉक्टरांना विचारून. आरएसव्ही या लसींनी थांबत नाही, पण फ्लू आणि काही न्यूमोनिया तरी बऱ्याच अंशी टळतात.

धुरी अजिबात नको, धुराने नळ्या आणखी सुजतात. नाकात तेल नको, वर्षाच्या आत मध नको. बाळ शांत असताना पूर्ण मिनिटभर श्वास मोजा. ५० किंवा जास्त भरले, बरगड्यांखाली खड्डा पडला, दूध निम्म्यावर आलं किंवा लंगोट बराच वेळ कोरडा राहिला, तर लगेच दवाखाना गाठा. ओठ निळसर दिसले तर थेट इमर्जन्सीत.

धागाकर्ती:
मोजले, ४२ भरले. धुरीचं सासूबाईंना कसं सांगू? आणि थोरल्याला बालवाडीतून काढू का?

प्रतिसाद १:
काढू नका. घरी आल्याआल्या साबणाने हात धुवायचे आणि बाळाच्या तोंडाची पापी बंद, पायाची घेऊ दे. सासूबाईंना मालिशचं काम द्या, आणि धुरीचं डॉक्टरांच्याच तोंडून ऐकवा.