लस घेतली होती हो, पण कागद कुठाय?

मुलीला अमेरिकेतल्या एका विद्यापीठात प्रवेश मिळाला. व्हिसा झाला, तिकीट झालं, कुकरसुद्धा घेऊन झाला. आणि अडलं ते लसीच्या कागदावर. एमएमआरचे, म्हणजे गोवर-गालगुंड-रुबेलाचे दोन डोस तारखांसकट दाखवा, म्हणाले.

मुलगी २००४ ची. तिचं सगळं मी एका फायलीत जपलंय याची मला इतकी खात्री होती, की नवऱ्याला म्हटलं, पाच मिनिटांत आणते. फाइल सापडली. त्यात सोनोग्राफीचे फोटो, बारशाची पत्रिका, जावळाची पुडी, बालवाडीचं प्रगतिपुस्तक. लसीचं पुस्तक तेवढं नाही. ज्यांच्याकडे लसी घेतल्या ते डॉक्टर केव्हाच निवृत्त झाले, दवाखान्याच्या जागी आता मोबाइलचं दुकान आहे. शेवटी दोन्ही डोस नव्याने घेतले, मधे २८ दिवस सोडून. आधी घेतले असतील तरी पुन्हा घेतल्याने अपाय नाही, असं नव्या डॉक्टरांनी सांगितलं म्हणून जीव भांड्यात पडला. पण तिकीट पुढे ढकलावं लागलं, त्याचे पैसे गेले ते गेलेच.

तुमच्याकडे हा कागद कुठे असतो? कधी अडलंय का? सांगा.

निवृत्त सिस्टर

आरोग्य उपकेंद्रावर एकोणतीस वर्षं काढली, त्यामुळे जरा लांबण लागेल.

दीड महिना, अडीच महिने, साडेतीन महिने, मग नऊ महिन्यांना गोवर-रुबेला आणि सोळा महिन्यांनंतर बूस्टर. हे बायांना पाठ असतं. कार्ड मात्र पाठ नसतं! पहिलं बाळंतपण माहेरी, म्हणून पहिले डोस माहेरच्या कार्डावर. सासरी आल्यावर दुसरं कार्ड. दोन्ही अर्धीमुर्धी. मग मी विचारायची, "दंडावर टोचलं की मांडीवर?" डाव्या दंडावर बीसीजीचा, म्हणजे क्षयाच्या लसीचा, वण दिसला की जन्माच्या वेळचं काहीतरी झालंय एवढं कळतं. मांडीवर काही वण राहत नाही.

एकदा एक वडील फार कौतुकाने कार्ड लॅमिनेट करून घेऊन आले. "सिस्टर, आता भिजायचं नाही." म्हटलं, "भिजणार नाही, पण मी लिहू कुठं?" सोळा महिन्यांचा रकाना कोरा होता आणि वरून बॉलपेन घसरत होतं. अखेर ड्रेसिंगची चिकटपट्टी कापून त्या रकान्यावर लावली आणि तिच्यावर तारीख लिहिली. बिचारा ओशाळला. सगळे डोस संपेपर्यंत लॅमिनेशन नको, साधी प्लॅस्टिकची पिशवी बरी.

कार्डाचा एक भाग आम्ही फाडून उपकेंद्रात ठेवतो, शिवाय रजिस्टर असतं. कार्ड हरवलं म्हणून लाजून सत्राला यायचं टाळू नका. हरवलेल्या कार्डापेक्षा चुकलेला डोस वाईट. आता यू-विनवर, म्हणजे लसीकरणाच्या सरकारी पोर्टलवर, मोबाइल नंबरावर नोंद होते. नंबर देताना जो वर्षानुवर्षं टिकेल तो द्या. दर दिवाळीला सिम बदलणाऱ्या बापाचा नको, आईचा द्या.

डोंबिवली फास्ट नाही स्लो

आमचं दुखणं कोविडचं. १५ ऑगस्ट २०२१ पासून दोन डोस आणि वर चौदा दिवस झालेल्यांना पास काढून लोकलने जाता यायला लागलं. मी आधारकार्ड आणि दोन डोस घेऊन ऐटीत रांगेत. खिडकीवर प्रमाणपत्र दाखवलं तर त्यावर एकच डोस! पहिल्या डोसला मी पॅनकार्ड आणि माझा नंबर दिला होता, दुसऱ्याला आधार आणि मुलाचा नंबर. कोविनच्या लेखी डोंबिवलीत दोन वेगळे गृहस्थ होते आणि दोघांनीही एकेकच डोस घेतला होता. ते दोघे मीच, हे संगणकाला पटवायला पुढचे काही दिवस गेले. तोवर बस, शेअर रिक्षा आणि साहेबांचे टोमणे.

पिवळं कार्ड

नोकरीसाठी नायजेरियात होतो. तिथे जायचं तर यलो फीव्हरची लस हवीच, आणि ती कुठेही मिळत नाही, ठरावीक सरकारमान्य केंद्रांवरच मिळते. लस घेतल्याचं पिवळं कार्ड देतात, ते लस घेतल्यावर दहा दिवसांनी लागू होतं. हे मला कुणी सांगितलंच नाही, मी विमान सहाव्या दिवसाचं काढून बसलो होतो. बदलावं लागलं.

कार्ड जाताना जितकं लागतं तितकंच परत येताना. वैध कार्ड नसेल तर आपल्याच देशात सहा दिवस विलगीकरणात बसवू शकतात. माझा एक सहकारी कार्ड लागोसच्या खोलीत विसरून मुंबईला उतरला. बायको-मुलं बाहेर हार घेऊन उभी, आणि हा आत. ११ जुलै २०१६ पासून हे कार्ड जन्मभर चालतं, पूर्वी दहा वर्षांनी लस पुन्हा घ्यावी लागे. माझ्या जुन्या कार्डावर दहा वर्षांची मुदत छापलीय, त्यावरून दोनदा हुज्जत झाली. तेव्हापासून कार्ड पासपोर्टला रबरबँडने बांधलेलं असतं. फोटो मोबाइलमध्ये आहे, पण तिथे अस्सल कार्डच मागतात.

फोंड्याची फणसपोळी

कुत्रा. दोनदा चावला, तोही ओळखीचा नव्हे, दोन वेगळे.

पहिल्यांदा रेबीजच्या लसीचा सगळा कोर्स केला. ते कार्ड आईने घरपट्टीच्या पावत्यांत ठेवलं, कारण तिच्या मते पावती म्हणजे पावती. तीन वर्षांनी दुसरा चावला तेव्हा ते कार्ड दाखवलं, तर दोनच इंजेक्शनं: त्या दिवशी एक आणि त्यानंतर तीन दिवसांनी एक. माझ्याच शेजारी बाकावर बसलेल्या माणसाला पूर्वी चावला होता, डोसही घेतले होते म्हणे, पण कागद नव्हता. त्याला पहिल्यापासून सगळं, शिवाय जखमेच्या भोवती सीरम टोचलं. ओरडला बिचारा. मी माझं कार्ड नकळत छातीशी धरलं.

आजीचा दंड

आमच्या आजीकडे कागद नव्हता, दंडावर देवीची लस टोचल्याचे दोन गोल वण होते, रुपयाएवढे. तेच तिचं प्रमाणपत्र. भारतातला देवीचा शेवटचा स्थानिक रुग्ण १९७५ चा. माझ्या दंडावर ते वण नाहीत, नुसता बीसीजीचा आहे.

त्या बीसीजीनेच न्यू जर्सीत घोळ घातला. नोकरीआधी क्षयाची त्वचेवरची चाचणी केली, हात टरारून फुगला, आणि सगळे माझ्याकडे संशयाने बघायला लागले. बीसीजी घेतलेल्यांत असं होऊ शकतं. मग रक्ताची चाचणी केली, ती निगेटिव्ह आली. इथे येणाऱ्यांनी बीसीजी घेतल्याचं आधीच सांगून थेट रक्ताची चाचणी होईल का ते विचारा.

वाशिष्ठीकाठ

चिपळूण, २२ जुलै २०२१. आमच्या तळमजल्यावर छतापर्यंत पाणी. दोन्ही पोरांची कार्डं खालच्या कपाटात होती. चार दिवसांनी चिखलातून काढली तेव्हा बॉलपेनची अक्षरं बऱ्यापैकी टिकली होती, जेल पेनची मात्र शाई पसरून नुसता निळा ढग झाला होता. सिस्टरने रजिस्टरवरून नवी कार्डं करून दिली, सगळ्या तारखा एकाच हस्ताक्षरात, एका दमात. धाकटीचा एक डोस रजिस्टरमध्येही सापडेना, तो पुन्हा दिला.

धागाकर्ती

बऱ्याच दिवसांनी येतेय. लेक तिकडे पोचली, वर्गही सुरू झाले.

काल मिक्सर बंद पडला म्हणून गॅरंटी कार्डांची पिशवी उपसली. त्यात, जुन्या गिझरच्या पावतीखाली, लसीचं पुस्तक! नवऱ्याने नुसतं माझ्याकडे बघितलं. उघडून बघते तर नऊ महिन्यांना गोवर आहे, पंधरा महिन्यांना एमएमआर आहे, डॉक्टरांची सही आहे. दुसऱ्या एमएमआरची चौकट कोरी.

नवऱ्याला अजून सांगितलं नाहीये.