शाल द्यायला आधार कार्ड लागलं नाही, पेन्शनला मात्र लागतंय

कोपरखैरणेची सून

जरा लांबलचक लिहितेय, सांभाळून घ्या. माझे सासरे मराठा लाइट इन्फंट्रीत होते, १९७४ ला भरती झाले आणि १९९१ ला नाईक ह्या हुद्द्यावरून पेन्शनवर आले. नंतर तुर्भ्याला एका गोडाऊनवर वीस वर्षं सिक्युरिटीची ड्युटी केली. मागच्या वर्षी गणपतीच्या आधी गेले. तेव्हापासून सासूबाईंची फॅमिली पेन्शन सुरू झालेली नाही. कारण काय तर सासऱ्यांच्या कागदावर बायकोचं नाव हौसाबाई आहे आणि आधार, रेशनकार्ड, बँक सगळीकडे सुमन. आमच्याकडे लग्नात नाव बदलतात, ताटात तांदूळ पसरून नवरा अंगठीने नवीन नाव लिहितो, तेच नाव मरेपर्यंत. सासऱ्यांनी युनिटमध्ये फॉर्म भरताना शाळेच्या दाखल्यावरचं माहेरचं नाव दिलं, झालं.

आता खरा किस्सा. ह्या २६ जुलैला कारगिल विजय दिवसाचा कार्यक्रम होता, जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयातून घरी फोन आला की माजी सैनिकांच्या पत्नींचा सत्कार आहे, आईंना घेऊन या. गेलो. पांढऱ्या कव्हरच्या खुर्च्या, शाल, श्रीफळ, काचेचं स्मृतिचिन्ह, आणि निवेदिकेने माईकवर खणखणीत आवाजात नाव घेतलं, "श्रीमती सुमन". आई रडल्या, मी पण रडले, खोटं नाही सांगत. पुढच्या गुरुवारी त्याच ऑफिसात पेन्शनचे कागद घेऊन गेलो तर टेबलामागे तोच माणूस जो त्या दिवशी नारळाचं तबक धरून उभा होता. कागद उलटेपालटे केले आणि आईंकडे बघून म्हणतो, "ह्यात हौसाबाई लिहिलंय. ह्या कोण?"

म्हणजे शाल द्यायला ओळख पटते आणि पेन्शनला पटत नाही. माझं म्हणणं एवढंच आहे की ह्यांच्याकडे सत्काराला बोलवायची यादी आहे, फोन नंबर आहेत, मग तोच फोन करून माणूस जिवंत असतानाच विचारा ना की बाबा तुझ्या बायकोचं नाव सगळीकडे एकच आहे का. सत्कार एक वर्ष बंद ठेवा हवं तर.

सुभेदार निवृत्त, ठाणे पूर्व

सूनबाई, तुमचं दुःख मान्य, पण तुम्ही राग चुकीच्या दारावर काढताय. लोक सरसकट "सैनिक कल्याण" म्हणतात, पण दारं वेगवेगळी आहेत. जिल्ह्यात बसतं ते राज्य सरकारचं ऑफिस, त्यांचं मुख्यालय पुण्याला. दिल्लीत संरक्षण मंत्रालयाखाली माजी सैनिक कल्याण विभाग आहे तो वेगळा, २००४ ला झाला. तुमच्या सासऱ्यांचं रेकॉर्ड बेळगावला, रेजिमेंटच्या रेकॉर्ड ऑफिसात, आणि पेन्शन निघते प्रयागराजहून, आता स्पर्श नावाच्या ऑनलाइन पेन्शन सिस्टीमवर. जिल्ह्यातल्या माणसाला स्वतःच्या पेनाने ते नाव बदलायचा अधिकारच नाही, तो काय डोंबल करणार?

आणि दुसरं, स्पष्ट बोलतो राग मानू नका. फौजेत लग्न झालं, मूल झालं, नाव बदललं की पार्ट टू ऑर्डर, म्हणजे रेकॉर्डला तशी नोंद चढवणारा युनिटचा आदेश, करून घ्यायची असते. दरबारात कंपनी कमांडर घसा फोडून सांगायचा. आम्ही जवान लोक म्हणायचो करू नंतर, आधी सुट्टी मंजूर करा. १७ वर्षांत सासऱ्यांनी एक अर्ज केला असता तर आज ही वेळ आली नसती.

शालीची चेष्टा पण करू नका. मी जम्मूला असताना माझ्या आईला गावच्या शाळेत पंधरा ऑगस्टला बोलावून ओटी भरली होती. खण साधाच होता. म्हातारी गेली तेव्हा ट्रंकेत तो घडी न मोडलेला सापडला.

टॅक्स भरतो, वागळे इस्टेट

आता मी बोललो की मला देशद्रोही म्हणणार, म्हणा. माझे वडील इथेच वागळेतल्या एका कंपनीत ३१ वर्षं लेथ मशीनवर होते, दोन बोटं गेली, कंपनी बंद पडली. ईपीएस ९५ ची, म्हणजे पीएफवाल्या कामगारांची पेन्शन किती येते माहितीये? ह्या पेन्शनची किमान रक्कम २०१४ पासून १ हजार रुपये आहे महिना, त्यांना त्याच्यापेक्षा थोडी बरी येते, गॅस सिलेंडर आणि बीपीच्या गोळ्यांत संपते. त्यांना कोणी शाल दिली नाही, कोणी माईकवर नाव घेतलं नाही.

फौजी माणूस चाळिशीच्या आत पेन्शन घेतो, वर परत नोकरी करतो, राज्य सरकारच्या क वर्गाच्या भरतीत १५ टक्के जागा राखीव, कॅन्टीन, दवाखाना, २०२० पासून घरपट्टी पण माफ. घरपट्टी मी भरायची आणि रस्ता दोघांनी वापरायचा. सैनिकाचा आदर आहेच हो, पण त्यासाठी वेगळं खातंच लागतं का हे कोणी विचारायचंच नाही का?

नेरुळ नेव्हीवाला

टॅक्सवाले भाऊ, तुमच्या वडिलांच्या पेन्शनबद्दल १०० टक्के सहमत, १ हजार ही थट्टाच आहे. पण त्याचा राग आमच्यावर काढून ती वाढणार आहे का?

चाळिशीच्या आत पेन्शन आम्ही "घेत" नाही, आम्हाला घरी पाठवतात. सैन्य तरुण ठेवायचं म्हणून. मी १५ वर्षं जहाजाच्या इंजिन रूममध्ये काढली, ऐन पोरांच्या शिक्षणाच्या वयात बाहेर आलो, सिव्हिलमध्ये माझ्या ट्रेडच्या सर्टिफिकेटकडे बघून एचआरवाली मुलगी म्हणाली, सर हे डिप्लोमा इक्विव्हॅलंट आहे का? मग काय, मॉलच्या गेटवर सुपरवायझर. वॉकीटॉकी तेवढी ओळखीची होती. जुना आणि नवा सारख्या रँकचा, सारख्या सर्व्हिसचा माणूस, त्यांना सारखी पेन्शन मिळावी ह्यासाठी म्हाताऱ्या फौजींना जंतरमंतरवर बसावं लागलं तेव्हा कुठे सप्टेंबर २०१५ ला वन रँक वन पेन्शन जाहीर झाली. खिरापत नाहीये ती.

आणि खात्याबद्दल माझा अनुभव चांगला आहे हे पण लिहितो, नाहीतर वाटेल सगळे बोंबलायलाच येतात. माझ्या मुलीला इंजिनिअरिंगला पंतप्रधान शिष्यवृत्ती मिळाली, मुलींना महिना ३ हजार, मुलांना अडीच. कागद तपासून देणारा माणूस स्वतः माजी हवालदार होता, एक सही राहिली होती तर संध्याकाळी फोन करून बोलावून घेतलं. त्याने केलं नसतं तर त्या वर्षीची मुदत गेली असती.

कोपरखैरणेची सून

@सुभेदार साहेब, दारं वेगळी आहेत हे मला आता १४ महिन्यांनी पाठ झालंय. आईंना कसं कळावं? त्यांना बेळगाव म्हणजे सासरे सुट्टीवर येताना कुंदा आणायचे ते बेळगाव. मी ऑफिसला नाव बदला म्हणत नाहीये, पुढे कुठे जायचं ते पहिल्याच दिवशी एका कागदावर लिहून द्या म्हणतेय. पहिल्या खेपेला सांगितलं बँकेत जा. बँक म्हणाली आमच्याकडे आता काही नाही, स्पर्श बघा. स्पर्श बघायला कॅफेत गेलो तर तो म्हणतो ओटीपी सासऱ्यांच्या नंबरवर गेला. ते सिम बंद केलेलं आम्ही.

आणि १७ वर्षांत अर्ज केला नाही हे तुम्ही म्हणताय, ते तुम्हाला माहीत नाही ना. मला पण माहीत नाही. विचारायला माणूस कुठाय आता.

ध्वजनिधीचं टार्गेट

मी सरकारी ऑफिसात आहे, कुठल्या ते सोडा. ७ डिसेंबर सशस्त्र सेना ध्वजदिन, १९४९ पासून आहे. लाल, गडद निळा, फिका निळा असे तीन पट्टे असलेला छोटा झेंडा खिशाला लावून पैसे द्यायचे, सैनिकांच्या कुटुंबांसाठी जातात, कल्पना किती सुंदर. आता प्रत्यक्षात काय होतं, जिल्ह्याला उद्दिष्ट येतं, जिल्ह्यातून ऑफिसांना वाटून येतं, आणि आमचे साहेब शिपायापासून सगळ्यांकडून माणशी ठरवून घेतात. झेंडे मार्च उजाडला तरी ड्रॉवरमध्ये पडलेले. मग पेपरात फोटो, अमुक टक्के उद्दिष्टपूर्ती, ढाल देऊन सत्कार. म्हणजे निधी गोळा करणाऱ्यांचा पण सत्कारच!

पैसे द्यायला माझा विरोध नाहीच, दुप्पट देईन. पण मी गेल्या वर्षी दिलेल्या पैशातून कुठल्या बाईच्या घरी काय पोचलं हे एका ओळीत कोणी सांगितलं तर बरं वाटेल.

सुभेदार निवृत्त, ठाणे पूर्व

@ध्वजनिधी, ढालीचं तुमचं खरं आहे, मी पण दोनदा टाळ्या वाजवल्यात. पण पोचतं तेही सांगतो. ज्यांची सर्व्हिस पेन्शनला पुरली नाही असे हवालदारापर्यंतचे माजी सैनिक आणि त्यांच्या विधवा, वय ६५ च्या वर, त्यांना केंद्रीय सैनिक बोर्डाकडून महिना ४ हजार मिळायचे ते नोव्हेंबर २०२५ पासून ८ हजार झाले. तो पैसा ह्या ध्वजदिन निधीतलाच. अर्ज जिल्ह्याच्या ऑफिसातूनच जातो. माझ्या चाळीत एक आजी आहेत, नवरा ६५ च्या लढाईनंतर सात वर्षांत घरी आलेला, पेन्शन शून्य. त्यांना हे कोणी सांगितलं तर मी, वाण्याच्या दुकानात. खात्याने नाही. हे मात्र मान्य करावं लागेल.

टॅक्स भरतो, वागळे इस्टेट

मग हेच तर बोलतोय मी. योजना आहे, पैसा आहे, आणि माहिती वाण्याकडे मिळते. खातं करतं काय मग? हार आणि नारळ.

घणसोली सेक्टर ७

सगळे जुन्याचंच बोलताय. माझा धाकटा भाऊ अग्निवीर आहे, पहिल्याच बॅचचा, २०२३ च्या सुरुवातीला ट्रेनिंगला गेला. चार वर्षं मोजा. १०० मधले २५ राहणार बाकी ७५ घरी. साधारण पावणेबारा लाख सेवा निधी हातात, पेन्शन नाही, ईसीएचएसचा म्हणजे माजी सैनिकांच्या आरोग्य योजनेचा दवाखाना नाही, आणि कागदावर तो "माजी सैनिक" पण नाही. म्हणजे काकूंना निदान हौसाबाई की सुमन असा प्रश्न तरी आहे, ह्याचं नाव कुठल्या रजिस्टरलाच नाही. २६ जुलैला खुर्ची कुठे देणार त्याला, स्टेजवर की मंडपाबाहेर बंदोबस्ताला? मूळ गाव आमचं साताऱ्याकडे, अपशिंगे मिलिटरीच्या जवळचं, तिथे घरटी फौजी, पहिल्या महायुद्धात त्या एका गावचे ४६ जण गेले त्याचा दगड अजून आहे. तिथली पोरं आता पहाटे पळायला जातात ती पोलीस भरतीसाठी.

नेरुळ नेव्हीवाला

घणसोली, पोलिसांत आणि निमलष्करी दलांत जागा राखीव ठेवू म्हणून घोषणा झाल्यात, बघू. पण हे ७५ जण ज्या दिवशी परत येतील त्या दिवशी जिल्ह्याच्या ऑफिसची पायरी चढतीलच, नियमात बसो न बसो. तिथल्या माणसाने "तुम्ही आमच्यात येत नाही" एवढंच सांगून पाठवलं तर ते मला सत्कार न करण्यापेक्षा वाईट वाटेल.

सुभेदार निवृत्त, ठाणे पूर्व

अग्निवीरावर मी इथे बोलणार नाही, बीपी वाढतं.

सूनबाई, तुम्ही म्हणालात सासऱ्यांनी अर्ज केला की नाही माहीत नाही. घरात डिस्चार्ज बुक असेल. लहान वहीसारखं. त्यात फॅमिलीचं पान काढा आणि समोर शेऱ्यात शाईने काही नंबर, तारीख आहे का बघा. नसेल तर मॅजिस्ट्रेटसमोर दोन्ही नावं एकाच बाईची म्हणून प्रतिज्ञापत्र, दोन पेपरांत जाहिरात, आणि जिल्ह्याच्या ऑफिसच्या शिक्क्याने अर्ज बेळगावला. तिकडून दुरुस्तीचा पीपीओ, म्हणजे पेन्शन देण्याचा आदेश, निघतो. वेळ लागतो पण होतं. आणि हो, जिल्ह्याचा शिक्का लागतोच, म्हणजे हे त्यांचं काम नाही असं मी वर म्हणालो ते पूर्ण खरं नव्हतं. पुढे कुठे पाठवायचं हे सांगायला त्यांना कोणाचा अधिकार लागत नाही.

कोपरखैरणेची सून

बघितलं. पुस्तक देव्हाऱ्याखालच्या ड्रॉवरमध्ये होतं, लाइट बिलांच्या खाली. फॅमिलीच्या पानावर हौसाबाई टाइप केलंय आणि बाजूला निळ्या शाईत "सुमन", त्याच्या पुढे पी टी टू असं काहीतरी, एक नंबर आणि ८६ साल. सही वाचता येत नाहीये. आईंना दाखवलं तर म्हणाल्या, हो त्या वर्षी ते एकदा माझा लग्नाचा फोटो घेऊन गेले होते, कशाला ते सांगितलं नव्हतं.

१४ महिन्यांत चार टेबलं झाली. एकानेही हे पुस्तक आणा म्हटलं नाही.

सुभेदार निवृत्त, ठाणे पूर्व

पी टी टू म्हणजेच पार्ट टू. माझे शब्द मागे घेतो, नाईक साहेबांनी काम केलं होतं. ऑर्डर निघाली पण पीपीओत चढली नाही असं दिसतंय. त्या पानाचा फोटो इथे टाकू नका, नंबर असतात त्यावर. दोन झेरॉक्स काढा, ओरिजिनल कोणाच्याही हातात देऊ नका, नारळवाल्याच्या तर नाहीच. सोमवारी सकाळी दहाला ठाणे स्टेशनला पूर्वेला या, मी बरोबर येतो, आईंना आणू नका, ऊन आहे.

टॅक्स भरतो, वागळे इस्टेट

माझा मुद्दा आहे तिथेच आहे. सुभेदार फुकट करतायत ते काम करायला पगारी माणसं आहेत. ताई, झालं की कळवा मात्र.